शेपटी पुढे गेली

"आज काय झालंय कोण जाणे, मॅडम! शेपटी पुढे गेली बघा, हेडबाईला चक्क ढकलून!" फाटकापाशी उभा असलेला मोतद्दार हसत ओरडला, तेव्हा सुई माझ्या हातात होती, घोडीच्या अंगाबाहेर, रिकामी. आधी मला त्याचं हसणं ऐकू आलं, शब्द मागाहून. मीही हसायला तोंड उघडलं असावं, कारण त्याच्या बोलण्याला हसायची मला सवय आहे, आणि ते तोंड तसंच उघडं राहिलं. समोर निळ्या पट्टीत गुंडाळलेलं शेपूट होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस पुठ्ठे, आणि उजव्या पुठ्ठ्यावर स्पिरिटने ओला झालेला नाण्याएवढा डाग. डाग कडेने वाळत होता. मी लोखंडी चौकटीच्या दांड्याला धरून वाकले आणि पुढे पाहिलं. घोडीनेही त्याच वेळी मान वळवली. सुई होती हेडबाईसाठी, आणि त्या घोडीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. या कपाळावर काही नव्हतं. नुसतं तांबूस कपाळ, आणि त्याखाली एक डोळा, मोठा, ओला, माझ्याकडे कसलीही तक्रार नसलेला. कोपऱ्यातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. बादली भरलीय, नळ बंद करायला हवा, असं मला वाटलं. एवढंच वाटलं.

आम्ही घोड्या मागून ओळखतो. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण माझं काम घोडीच्या मागे सुरू होतं आणि मागेच संपतं. कोणती घोडी कधी माजावर येणार, कोणत्या घोड्याचं वीर्य कुठून मागवायचं, थंड पेटीतून आलेली ती नळी कधी रिकामी करायची, कोणाच्या पोटातला गर्भ काढून कोणाच्या पोटात ठेवायचा, हे सगळं मी ठरवते. खांद्यापर्यंतचा मोजा चढवून हात आत घातला, की डोळे मिटूनही मी सांगू शकते की ही अमुक, हिचं डावं अंडाशय उजव्यापेक्षा मोठं आहे, हिच्या गर्भाशयाला मागच्या बाळंतपणाचा पीळ राहिला आहे. तोंड हे मोतद्दाराचं खातं. तोंडाला तो खरारा करतो, गूळ देतो, शिव्याही देतो. गळपट्ट्यावर क्रमांक असतो, पण गळपट्टा पुढे असतो. आणि कधी पाहावा लागला नाही, कारण कळपाची रांग मोडत नाही. हौदावर, गव्हाणीवर, फाटकात, कोण आधी आणि कोण नंतर हे घोड्यांनी आपापसांत एकदाच ठरवलेलं असतं, आणि मग कान मागे पाडणं, एखादी लाथ, एखादा चावा एवढ्यावर ते वर्षानुवर्षं चालतं. हेडबाई पहिली. शेपटी शेवटची. म्हणून तर ती शेपटी. सकाळी फाटक उघडलं की हेडबाई आधी बोळात शिरते, बोळातून चौकटीत, आणि मी तिच्या मागे उभी राहते. माझ्या आधी हे काम करणारेही असेच उभे राहायचे. कोणी कधी चुकलं नव्हतं.

त्या दिवशी हेडबाईला माजावर आणायचं इंजेक्शन द्यायचं होतं. ती रिकामी होती, गाभण नव्हती. शेपटीला काही द्यायचं नव्हतं, फक्त पाहायचं होतं. शेपटीच्या पोटात थोरलीचा गर्भ होता. थोरली म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत नावाजलेली घोडी. धावायची थांबली तेव्हा तिचं वय झालं होतं, तिला स्वतःला पिल्लू पेलवलं नसतं, म्हणून तिचा गर्भ काढून दुसरीच्या पोटात ठेवायचा असं ठरलं. अशा दुसरीच्या पोटचं वाढवणाऱ्या घोड्यांना आमच्याकडे मावश्या म्हणतात. कोणी आणि कधी सुरू केलं ठाऊक नाही. कितीदा प्रयत्न फसला. थोरलीच्या गर्भाशयातून धुऊन काढलेलं पाणी जाळीतून गाळायचं, बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आणि बशी रिकामी. मग एकदा त्या बशीत तो दिसला. गोल, पारदर्शक, साखरेच्या दाण्याहून लहान, इतका नेमका गोल की माणसाने केलेला वाटावा. हवेत गारठा होता. गर्भाला गार लागू नये म्हणून मी ती नळी शर्टाच्या आत, अंगाला लावून धरली आणि अंगण ओलांडून शेपटीपर्यंत नेली. दोन इमारतींमधलं ते अंगण मी रोज शंभरदा ओलांडते. त्या दिवशी मी ते आयुष्यात पहिल्यांदा ओलांडत असल्यासारखी चालले. त्यानंतर आठवड्याच्या आतच थोरलीच्या आतड्याला पीळ पडला आणि ती गेली. मोतद्दार तिच्या अंगावर घोंगडी टाकताना म्हणाला होता, "माय मरो, मावशी जगो म्हणतात ना मॅडम, ते हेच."

ती म्हण मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्यासोबत मला खुर्ची सरकवल्याचा आवाज ऐकू येतो. माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होते. मावशी थोडे दिवस राहायला म्हणून आली आणि राहिली. पाहुणे यायचे, माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि तिच्यादेखत म्हणायचे, माय मरो मावशी जगो. मग मावशी उठायची, खुर्ची मागे सरकवायची आणि चहा टाकायला आत जायची. कुठेही जाताना दारापाशी ती थांबायची. "तुम्ही व्हा पुढे." जेवायला बसताना, बसमध्ये चढताना, फोटो काढताना, तुम्ही व्हा पुढे. आमच्या घरातल्या कुठल्याच फोटोत ती पूर्ण नाही. एकात खांदा आहे, एकात कोणाच्या तरी डोक्यामागे अर्धं कपाळ. वडील गेले, मी नोकरी धरली, शहराच्या टोकाशी हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, ती माझ्याबरोबर आली, माझ्या मागून जिना चढून. आणि आता कुठे, सत्तरीला टेकल्यावर, तिने हे नवीन काढलं होतं. आधी तिने खिडकीजवळची खुर्ची घेतली, जी माझी होती. मग पहिला चहा. मी कपात ओतला की ती हात पुढे करायची, बशीही न मागता. मला गंमत वाटली, मग कमी गंमत वाटली. त्या सकाळी मला उशीर झाला होता आणि न्हाणीघराचं दार आतून बंद होतं.

"मावशी, आवर गं! मला कामावर जायचंय. तुला कुठे जायचंय?"

"कुठे जायचं नाही म्हणून मी थांबायचं होय?" आतून पाण्याच्या आवाजाबरोबर उत्तर आलं. "तू थांब की जरा. कधी थांबली आहेस का?"

मी चप्पल आपटत निघाले. बसमध्ये, बोळात, चौकटीमागे उभी राहून सिरिंजमध्ये औषध ओढताना, मी तिला मनातल्या मनात उत्तरं देत होते. मी थांबले नाही? मी? चांगली उत्तरं होती. त्यांतलं सगळ्यांत चांगलं उत्तर सुचलं तेव्हा सुई आत जात होती.

"मॅडम, काय झालं?" मोतद्दार जवळ आला होता. मी त्याला रिकामी सिरिंज दाखवली. त्याने सिरिंजकडे पाहिलं, घोडीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, ते तिथे विसरल्यासारखं राहिलं, आणि मला त्याची दया आली. "मी बोललो ना," तो म्हणाला, "मी बोललो, शेपटी पुढे गेली म्हणून. जरा आधी बोलायला हवं होतं." मग तो गेला आणि त्याने नळ बंद केला.

ते औषध रक्तात गेलं की अंडाशयावरची, गर्भाला धरून ठेवणारी पिवळी गाठ विरघळायला लागते. गाठ विरघळली की गर्भाशयाला कळतं की आता धरून ठेवण्यासारखं काही नाही. हे मी शिकाऊ मुलांना सांगते तेव्हा फळ्यावर गोल काढते आणि पुसते. मूल होऊ शकणाऱ्या बायकांनी हे औषध हातमोजे घालूनच हाताळावं असा नियम आहे, ते कातडीतूनही शिरतं. एके काळी मी ती कुपी विंचवासारखी धरायची. आता माझ्या वयाला ती भीती उरली नाही, आणि ती कधी गेली हेही मला आठवत नाही. मी मोजा चढवला, कारण शेपटीला पाहायचं ठरलं होतं आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा गोल आला, त्याच्या तळाशी पांढरा ठिपका, आणि ठिपक्याच्या आत ती लुकलुक. ठोका नुकताच दिसायला लागला होता. दूरच्या इमारतीत कोणीतरी दिवा सारखा लावतंय आणि मालवतंय, तसा. त्याला काही माहीत नव्हतं. मी ते पाहत राहिले आणि माझ्या कानांत एक बारीक शिट्टी सुरू झाली. मग घोडीच्या मानेवर घाम फुटला. आधी कानांमागे, मग मानेवरून खाली, आयाळीच्या मुळांतून, थेंब एकमेकांना मिळत. औषध लागू झालं की असा घाम येतो. दर वेळी येतो. मी तो शेकडो घोड्यांना आलेला पाहिला असणार, पण मागून घाम दिसत नाही.

डॉक्टर फोनवर होते. ते शहरातून यायचे, गप्पिष्ट माणूस. मी सांगितलं. "कोणाला दिलंत?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. "बरं. आता रडायचं नाही, ओरडायचं नाही. गर्भ टिकवायचं औषध आहे ना तुमच्याकडे? ते पिवळं तेल? आत्ताच्या आत्ता तोंडातून द्या. दुप्पट द्या. आणि रोज. तिची गाठ गेली तर जाऊ दे, आपण बाहेरून गाठीचं काम करू."

"टिकेल?"

"मॅडम, मी घोड्यांचा डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही. कधी टिकतं. द्या आधी."

म्हणून मी पुढे गेले. तेलाची पिचकारी घेऊन चौकटीला वळसा घालून शेपटीच्या तोंडासमोर उभी राहिले. जबड्याच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात तिथून, पिचकारी आत सारायची. तिचे ओठ मऊ होते, त्यांवर राठ केस होते, श्वासाला ओल्या गवताचा वास होता. तिने तेल गिळलं आणि माझ्या बाहीवर नाक पुसलं.

मालकीणबाईंना मी लपवलं नाही. लपवणं मला सुचलंच नाही, हा काही सद्गुण नव्हे. जे झालं ते ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "तुम्ही?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "तुम्ही केलंत? तुमच्या हातून?" जणू दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर ते समजण्यासारखं होतं. मग म्हणाल्या, "थोरलीचं दुसरं काहीच नाही हो माझ्याकडे. नाल आहे एक," आणि फोन ठेवला. तो एक शब्द, नाल, घेऊन मी दिवसभर वावरले. काम केलं. हेडबाईला तिचं इंजेक्शनही दिलं, तोंड पाहून. ती कान पाडून, घुश्शात उभी होती. तिच्या खांद्यावर ताज्या चाव्याची खूण होती.

त्या खुणेवरून मला ते कळलं. म्हणजे डोक्याला आधीच कळलं असेल, पण आता पोटात कळलं. शेपटी पुढे गेली होती ती गाभण होती म्हणून. असं होतं, मी पाहिलं आहे. पोटात काही धरलं की मवाळ घोडीही जागा मागायला लागते. कोणी तिला सांगत नाही, शिंगं फुटत नाहीत, पण एका सकाळी ती फाटकातून बाजूला होत नाही. जन्मभर शेवटी येणारी शेपटी त्या सकाळी आपल्या पोटातल्या साखरेच्या दाण्यासाठी हेडबाईला चावून पहिली आली, आणि पहिली येईल तिच्यासाठी मी सुई भरून ठेवली होती.

घरी मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. मी हातपाय न धुता तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. ती मला मधे टोकत नाही, फक्त शेवटी विचारते.

"म्हणजे औषध बरोबर होतं, घोडी चुकली?"

"हो."

"तोंड पाहिलं नाहीस?"

"आम्ही मागून काम करतो, मावशी."

"मीही तुम्हाला जन्मभर मागूनच पाहिलं," ती म्हणाली. "मला मात्र तुम्ही सगळे ओळखू यायचात." ती हसली, आणि मी हसले नाही तेव्हा तिने माझ्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली. "जगेल का ते?"

"माहीत नाही."

"घोडीला माहीत आहे?"

"नाही. तिला काहीच माहीत नाही."

पुढचे दिवस मी पिचकारीसाठी जगले. रोज सकाळी फाटक उघडायचं आणि मी आता बोळाच्या तोंडाशी, समोर उभी असायची. रोज शेपटी पहिली यायची. कान पुढे, मान वर, चाल अशी की तिने हे फाटक विकत घेतलंय. हेडबाई मागे, जमिनीकडे पाहत, काही हरवलं आहे आणि ते शोधायचं आहे असं दाखवत. "राज्य बदललं, मॅडम," मोतद्दार म्हणायचा. त्याला मला हसवायचं होतं. मी पडद्यावर पाहायची, लुकलुक असायची, मी तेल द्यायची, ती माझी बाही घाण करायची. मला वाटायला लागलं की ती पहिली येते आहे तोवर सगळं ठीक आहे. असं वाटणं हे माझ्या धंद्यात बसत नाही, म्हणून मी ते कोणाला बोलले नाही.

मावशीला मी एका दुपारी विचारलं. सुट्टी होती, ती आधी जेवून उठली होती आणि मी एकटी ताटावर होते. राग नव्हता, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. घोडी पुढे का आली ते मला ठाऊक होतं. मावशी का आली ते नव्हतं, आणि मी मनातल्या मनात कारणं लावत होते. दुखणं असेल, लपवलेलं. कुठली बातमी असेल. कोणी माणूस असेल, का नाही?

"मावशी, तुला काय मिळालंय गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही खुर्ची, पहिला चहा. आधी तू असं करायची नाहीस. काहीतरी झालं असेल ना."

ती माझ्याकडे पाहत राहिली. ती दुखावली असं मला वाटलं, पण तो चेहरा दुखावल्याचा नव्हता, थक्क झाल्याचा होता. सत्तर वर्षांच्या बाईला थक्क झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. "पुढे यायला काही मिळायला लागतं का?" ती म्हणाली. ताटातला घास गार झाला होता. "लागत असेल," मग ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. "मला माहीत नव्हतं."

आठवडा संपताना डॉक्टर स्वतः आले. सकाळी शेपटी पहिली आली, नेहमीपेक्षा जोरात, फाटक पुरतं उघडायच्या आधीच छाती घालून. मोतद्दार बाजूला उडी मारून ओरडला, "अगं बये, पाय गेला असता माझा!" डॉक्टर हसले. "हिला काय झालंय? तब्येत तर फर्स्टक्लास." त्यांनी मोजा चढवला. मी पडद्यासमोर उभी होते. काळा गोल आला. पांढरा ठिपका आला. डॉक्टरांनी हात थोडा वळवला, थांबवला, पुन्हा वळवला. ते बोलायचे थांबले आणि तेवढ्याने मला कळलं. ठिपका होता. त्याच्या आत काही लुकलुकत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात मशीनचा हिरवा अंक चालू होता, बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजतो तसा आवाज येत होता, सगळं चालू होतं, फक्त तिथे नव्हतं. मी पाहत राहिले. पुरेसा वेळ पाहिलं तर दिसेल, दूरच्या इमारतीतला माणूस चहा प्यायला उठला असेल, परत येऊन बटण दाबेल.

"गेलं," डॉक्टर म्हणाले. "काल किंवा परवा. तेलामुळे आत धरून ठेवलंय, इतकंच." त्यांनी मोजा उलटा करून काढला. "औषध बंद करा आता. बंद केलंत की आपोआप सुटेल, दोन-चार दिवसांत ती मोकळी होईल. मालकीणबाईंना मी सांगू का?"

"मी सांगते."

"असं कोणाच्याही हातून होतं, मॅडम."

ते खरं नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि तरी ते तसं म्हणाले याचा मला आधार वाटला. मी मालकीणबाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "बरं."

मी परत आले तेव्हा शेपटी अजून चौकटीतच होती. हेडबाई बोळात, तिच्या मागे, मान खाली घालून उभी होती, आणि शेपटी एक कान मागे वळवून तिला सांगत होती की तिथेच राहा. तिच्या पोटात जे होतं ते थांबलं होतं, आणि तिच्या अंगाला ते कोणी कळवलं नव्हतं. ते कळवणं आता माझ्या हातात होतं. तेल थांबवलं की दोन-चार दिवसांत एका सकाळी ती फाटकाशी येईल, थांबेल, आणि कोणीतरी पुढे जायची वाट पाहील. मी कपाटातून बाटली काढली. पिचकारीत तेल ओढलं, रोजच्याएवढं.

"मॅडम," मोतद्दार हळूच म्हणाला, "डॉक्टर तर बंद म्हणाले ना?"

मी चौकटीला वळसा घालून शेपटीच्या तोंडासमोर उभी राहिले. तिने आपणहून ओठ उघडले.

"उद्यापासून," मी म्हणाले.